उल्का होती की आणखी काही? एका संशयाची पार्श्वभूमी

१५ फेब्रुवारी २०१३, शुक्रवार. पुण्यात नऊ वाजायला दहा मिनिटं होती. त्याच वेळी रशियात, उरल पर्वताजवळच्या चेल्याबिन्स्क शहरावर सूर्याहून प्रखर असं काहीतरी पेटत गेलं. संध्याकाळी कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर त्याचीच चर्चा. योगायोग असा, की २०१२ डीए१४ नावाचा एक लघुग्रह त्याच रात्री पृथ्वीपासून २७,७०० किलोमीटरवरून जाणार होता आणि तो येणार हे वर्षभर आधीपासून माहीत होतं. कट्ट्यावरच्या निवृत्त इंजिनिअर काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "एकाच दिवशी दोन दगड? एक सांगून येतो, दुसरा न सांगता? मला नाही पटत. क्षेपणास्त्रच असणार."

काका एकटे नव्हते. खुद्द रशियातले राजकारणी व्लादिमिर झिरिनोव्स्की यांनी त्याच दिवशी जाहीर केलं, की ही उल्का नव्हेच, अमेरिकेनं नव्या शस्त्राची चाचणी घेतली. ऐकणाऱ्यांना हसू आलं. पण चेल्याबिन्स्कच्या माणसाला असा संशय का यावा, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

चेल्याबिन्स्क हे रणगाड्यांचं शहर. दुसऱ्या महायुद्धात त्याला 'टँकोग्राद' म्हणत. याच प्रांतात मायाक हा गुप्त अणुप्रकल्प होता. तिथे २९ सप्टेंबर १९५७ रोजी किरणोत्सारी कचऱ्याची टाकी फुटली आणि रात्री आकाशात विचित्र उजेड दिसला. स्थानिक वर्तमानपत्रानं काही दिवसांनी त्याचा खुलासा छापला, की तो ध्रुवीय प्रकाश होता! सोव्हिएत सरकारनं खरी गोष्ट कबूल केली ती १९८९ मध्ये. म्हणजे ज्या गावाला 'आकाशातला उजेड नैसर्गिक आहे' असं एकदा अधिकृतपणे सांगून फसवलं गेलंय, त्याच गावाला २०१३ मध्ये पुन्हा सांगितलं गेलं, की हा उजेड नैसर्गिक आहे. आजी-आजोबांनी मान डोलावली नसेल, तर त्यांना वेडं कसं म्हणायचं?

त्यात भर पडली आवाजाची. सुमारे २० मीटर रुंदीचा तो दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगानं आला आणि जमिनीपासून जवळजवळ ३० किलोमीटर उंचीवर फुटला. उजेड लगेच दिसला. धक्क्याची लाट शहरात पोचायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला. या मधल्या वेळात लोक काय झालं ते बघायला खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग काचा फुटल्या. सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली, बहुतेक काचांनीच. उजेडाचा आणि आवाजाचा संबंध चटकन लागत नाही. मग 'आधी काहीतरी सोडलं, नंतर ते पाडलं' अशी कथा आपोआप तयार होते. आपल्याकडेही मोठा आवाज झाला, की पहिला संशय लोहगावच्या विमानांवर आणि दुसरा खडकीच्या दारूगोळा कारखान्यावर. आकाशातल्या दगडाचा नंबर फार खाली.

गंमत म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी हे नेमकं उलट होतं. आकाशातून दगड पडले, असं शेतकरी सांगत आणि विद्वान त्यांना हसत. १७६८ मध्ये फ्रान्समध्ये ल्युसे इथे पडलेल्या दगडाची तपासणी झाली. तपासणाऱ्यांत लाव्हाझिएसारखा रसायनशास्त्रज्ञ होता. निष्कर्ष निघाला, की वीज पडून भाजलेला हा साधा दगड आहे. १७९४ मध्ये क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञानं असे दगड अंतराळातून येतात असं लिहिलं, तेव्हा त्याचीही टिंगल झाली.

मत बदललं त्यात आपल्या देशाचा वाटा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. १९ डिसेंबर १७९८ च्या संध्याकाळी बनारसजवळच्या क्राखुट गावाच्या परिसरात आगीचा गोळा दिसला आणि दगड पडले. जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रजानं गावकऱ्यांची हकिगत लिहून घेतली, दगड लंडनला पाठवले. १८०२ मध्ये एडवर्ड हॉवर्ड यांनी वेगवेगळ्या देशांत पडलेल्या दगडांबरोबर त्यांची रासायनिक तपासणी केली. सगळ्यांत निकेल सापडलं आणि सगळ्यांची जात सारखीच निघाली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्ल गावावर सुमारे तीन हजार दगड कोसळले. बिओ हे शास्त्रज्ञ तिथे जाऊन घरोघरी साक्षी घेत फिरले. गावकऱ्यांचं म्हणणं मान्य झालं.

त्याआधी आपल्याकडे हा प्रश्नच वेगळा होता. वराहमिहिरानं बृहत्संहितेत उल्केचे पाच प्रकार सांगितले आहेत. स्वर्गातलं पुण्य भोगून संपलं, की जे जीव खाली पडतात, त्यांचं रूप म्हणजे उल्का. कुणी मोठा माणूस गेला, की 'तारा निखळला' असं आपण आजही म्हणतोच. लोणारच्या सरोवराची कथा लवणासुराची. भूगर्भशास्त्रज्ञांनीही त्या विवराला बराच काळ ज्वालामुखीचंच मानलं. भोवती सगळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, मग दुसरं काय सुचणार? आघातानं वितळलेल्या काचेचे पुरावे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे अशनीवर, म्हणजे आकाशातून जमिनीवर आदळलेल्या दगडावर, शिक्कामोर्तब झालं.

चेल्याबिन्स्कच्या बाबतीत पुरावे तुलनेनं लवकर आले. रशियात गाड्यांवर कॅमेरे लावायची पद्धत, कारण अपघातानंतर खोटे दावे ठोकणारे फार. त्या चित्रफितींवरून मार्ग काढता आला. डीए१४ दक्षिणेकडून येत होता, हा पूर्वेकडून, तोही सूर्य होता त्या बाजूनं. दुर्बिणींना दिसला नाही तो त्यामुळे. काकांच्या 'न सांगता'चं उत्तर एवढंच आहे. स्फोटाची ताकद सुमारे पाचशे किलोटन, म्हणजे साधारण तीस हिरोशिमा. ती मोजायला मदत झाली अणुचाचण्या पकडायला जगभर बसवलेल्या ध्वनियंत्रांची. चोरून बॉम्ब फोडला तर कळावं म्हणून लावलेली यंत्रं 'हा बॉम्ब नव्हे' हे सांगायला उपयोगी पडली.

तरी त्याच प्रांतातल्या चेबार्कुल तळ्याच्या बर्फात पडलेल्या गोल भोकाबद्दल शंका राहिलीच. उल्केचा तुकडा तिथे पडला म्हणत, पण तळ्यात बुडी मारणाऱ्यांच्या हाती सुरुवातीला काही लागलं नाही. ऑक्टोबरमध्ये दगड बाहेर निघाला. टीव्हीवर थेट दाखवत तो वजनकाट्यावर ठेवला, दगडाचे तुकडे झाले आणि ५७० किलोचा आकडा दाखवून काटाच मोडला. काकांना ही बातमी दाखवली. म्हणाले, "हं. काटा मोडला म्हणजे दगड खरा असावा."

नंतर २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. विदर्भ-खान्देशाच्या आकाशातून पेटत्या ठिपक्यांची रांग सावकाश गेली. काकांच्या अकोल्याच्या भाच्यानं व्हिडिओ पाठवला. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर ताबडतोब टाकलं: उल्का! मी म्हटलं, "काका, उल्का काही सेकंदांत संपते. ही फार रेंगाळतेय." चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी गावात तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. चिनी रॉकेटचा निकामी टप्पा वातावरणात शिरून जळाला होता.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर काका आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "तेव्हा क्षेपणास्त्र म्हटलं तर उल्का निघाली. आता उल्का म्हटलं तर रॉकेट. चहा सांग."