पस मॉथ की लेपर्ड मॉथ? आधी धड बघा

१५ ऑक्टोबर १९३२ला जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथमधून. १९८२मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला तो लेपर्ड मॉथमधून. दोन्ही विमानं डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीची, बंद केबिनची, पंख घडी होणारी; म्हणून फोटोखाली नावांची अदलाबदल होते. पस मॉथचा पंख सरळ पट्टीसारखा, लेपर्डचा टोकाकडे निमुळता. इंजिनं अनुक्रमे जिप्सी थ्री आणि जिप्सी मेजर, म्हणजे १२० आणि १३० अश्वशक्ती.

उडवण्यासाठी दुरुस्त करायचं असेल, तर खरा फरक विमानावर मढवलेल्या कापडाखाली आहे. पस मॉथचं धड (पंख-शेपटी सोडून मधला भाग) वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांचं. समुद्राकाठच्या हवेत या नळ्या आतून गंजतात, विशेषतः पाणी साचतं त्या खालच्या सांध्यांपाशी. बाहेरचा रंग शाबूत असतो, म्हणून नळीच्या भिंतीची जाडी अल्ट्रासाउंडनं मोजावीच लागते. खराब नळी बदलताना धड जिगमध्ये, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या साच्यात, पक्कं धरलं नाही तर वेल्डिंगच्या उष्णतेनं ते ओढलं जातं. शेवटी आतून गंज लागू नये म्हणून नळीत भोकातून गरम जवसाचं तेल घालून, धड सगळीकडे फिरवून, तेल निथळवून भोक बुजवायचं.

लेपर्डचं धड लाकडी, प्लायवूडचं. इथे घात होतो तो सरसाचा. त्या काळचा केसीन सरस दुधाच्या प्रथिनापासूनचा; मुंबईच्या दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि वरून धडधाकट दिसणारा सांधा पातळ पात्यानं उघडतो. त्यावर नवा सरस ओतून भागत नाही. जुना खरवडून कोरं लाकूड उघडं करावं लागतं. नवा स्प्रूस लाकडाचा तुकडा जाडीच्या बारापट लांब तिरक्या सांध्यानं जोडायचा. रिसॉर्सिनॉल हा नवा कृत्रिम सरस फट भरत नाही, त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग तंतोतंत बसले पाहिजेत आणि सरस वाळेपर्यंत क्लॅम्पचा दाब राहिला पाहिजे. हे काम नळ्यांपेक्षा कितीतरी संथ आहे.

पंख दोन्हींचे लाकडी, कापड चढवलेले. पस मॉथची काही विमानं १९३०च्या दशकात हवेतच मोडली होती, म्हणून तिचे पंखांचे स्ट्रट (पंखांना आधार देणारे तिरके दांडे) आणि नंतर बसवलेला आधाराचा छोटा स्ट्रट विशेष बारकाईनं तपासावा.

कापडाला डोप (कापड ताणून घट्ट करणारं रोगण) लावायचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच धरावं. पावसाळ्यात द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प बसतं, थर पांढुरका पडतो आणि कापड नीट ताणलं जात नाही. कापड चढवण्याआधी उघडा सांगाडा तपासनिसाला दाखवून सही घ्यावी. नाहीतर तेच कापड पुन्हा उतरवावं लागतं.