कोकणातली बांधकामं: परवानगी एका खात्यात, कामगाराची सेफ्टी दुसऱ्यात

कोकणात कोणी घर बांधायला काढलं की आजूबाजूचे पहिल्यांदा विचारणार सातबारा क्लिअर आहे का, एनए (जमीन बिगरशेती) झालं का, सीआरझेड (किनाऱ्याजवळच्या बांधकामाचं बंधन) लागतोय का. परांचीवर जो गवंडी चढणार आहे त्याच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. याचा दोष एकट्या मालकाला किंवा ठेकेदाराला देऊन भागणार नाही, कारण आपल्याकडे बांधकाम परवानगी आणि कामगाराची सुरक्षा हे दोन विषय पहिल्यापासूनच वेगळ्या वाटांनी आलेत, आणि हे समजल्याशिवाय आजचा घोळ समजत नाही.

परवानगीची वाट जुनी. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा, मग १९५४ चा, आणि त्याच्या जागी १९६६ चा एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा. गावात १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५२, म्हणजे गावठाणात बांधायचं तर पंचायतीची परवानगी, आणि गावठाणाबाहेर कलेक्टर कचेरी. किनाऱ्याला त्यात आणखी एक भर पडली. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीरेषेपासून ५०० मीटर मोकळे ठेवा, त्यातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची सीआरझेड अधिसूचना आली, मग २०११ ची, मग २०१९ ची. या सगळ्यात मोजलं काय जातं तर जमीन, अंतर, उंची, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधायचं ते प्रमाण). बांधणारा माणूस त्यात कुठेच येत नाही.

कामगाराची वाट भरपाईपासून सुरू झाली, म्हणजे अपघात झाल्यावर. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, माणूस मेला किंवा लुळा झाला की पैसे किती द्यायचे हे सांगणारा. अपघात होऊच नये म्हणून बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा यायला त्यानंतर ७० हून जास्त वर्षं लागली. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडची कामं करणाऱ्या मजुरांची केस सुप्रीम कोर्टात गाजली, १९८५ पासून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली बांधकाम मजुरांच्या कायद्यासाठी राष्ट्रीय समिती मागणी करत राहिली, आणि शेवटी १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा झाला.

नेमकं त्याच काळात आपल्याकडे कोकण रेल्वे होत होती. १९९० ला कॉर्पोरेशन स्थापन झालं, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल, हे सगळं आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. ही कामं करताना ७४ जणांचे जीव गेले, त्यांचं स्मारक रत्नागिरी स्टेशनवर आहे. गाडी पकडायच्या घाईत बहुतेकांचं लक्ष जात नाही, पण एकदा तरी थांबून बघा. बोगद्यांतलं बरंचसं खोदकाम तो १९९६ चा कायदा यायच्या आधीच उरकलं होतं.

आता या कायद्यात काय होतं ते बघा. काम सुरू करायच्या ३० दिवस आधी इन्स्पेक्टरला नोटीस द्यायची. केंद्राच्या १९९८ च्या नियमांप्रमाणे ५० किंवा जास्त कामगार असतील तर सेफ्टी पॉलिसी लेखी लागायची, आणि ५०० कामगार असतील तर सेफ्टी कमिटी. कागदावर चांगलंच होतं. पण कायदा लागू कधी, तर १० किंवा जास्त कामगार असतील तेव्हा, आणि १० लाखांपर्यंतचं स्वतःचं राहतं घर त्यातून वगळलेलं होतं. आता कोकणातलं नेहमीचं काम डोळ्यासमोर आणा, चाकरमान्याचं घर, एक गवंडी, तीन-चार बिगारी, सेंटरिंगवाला (स्लॅबखालचा साचा आणि टेकू लावणारा) वेगळा, स्लॅबची गँग एका दिवसापुरती मिक्सर घेऊन येणार आणि संध्याकाळी जाणार. रोजच्या हजेरीला १० माणसं भरतच नाहीत. म्हणजे जिथे आपली बहुतेक घरं बांधली जातात तिथे हा कायदा पोचलाच नाही.

आणि धोका मात्र तिथेच जास्त आहे. सुरूच्या बल्ल्या, नायलॉनच्या दोरीने बांधलेली परांची, जून लागला की जांभ्याच्या चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि त्यावर अनवाणी माणूस घमेलं घेऊन चालतो. पावसाच्या आधी स्लॅब पडला पाहिजे आणि गणपतीच्या आधी घर पूर्ण होवक व्हया, या दोन तारखा सगळ्यांच्या डोक्यावर असतात. मग सेंटरिंग लवकर काढतात, कारण प्लेटा दुसऱ्या साईटला लागणार असतात. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, ६ मीटरवरच्या बीमला २१ दिवस, आणि हे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटचं, आपल्याकडे बाजारात मिळतं ते जास्त करून पीपीसी (राख मिसळलेलं), त्याला आणखी वेळ द्यायला लागतो. खोदाईचं पण तसंच. जांभा सरळ उभा राहतो म्हणून लोक बिनधास्त खाली उतरतात, पण त्याच्या खालची चिकणमाती पावसात बसते आणि वरचा कडा घेऊन खाली येते. मातीत दीड मीटरच्या खाली खड्डा गेला की बाजूंना आधार द्यायचा हे खोदकामाच्या मानकात, आयएस ३७६४ मध्ये, लिहिलेलं आहे. सांगायला गेलं तर उत्तर ठरलेलं, काय होवचा नाय.

या दोन वाटा एकाच ठिकाणी भेटतात, ते म्हणजे उपकर. कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या १ टक्का सेस, आणि तो नकाशा मंजूर करतानाच भरून घ्यायचा. महाराष्ट्राचे नियम २००७ चे, हा पैसा सांभाळणारं बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ उभं राहिलं २०११ मध्ये. पण पावती फाईलला लागली की परवानगी देणाऱ्याचं काम संपलं, साईटवर रेलिंग आहे का, दोरी कुजली आहे का हे बघायला तो जात नाही कारण ते त्याच्या कामात धरलेलंच नाही, आणि ज्याच्या कामात आहे त्या कामगार खात्याकडे माणसं कमी. पैशाचं काय झालं तेही बघा, मार्च २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टासमोर आलं की देशभरात ३७,४०० कोटींच्या वर जमा झाले आणि खर्च झाले साधारण ९,५०० कोटी, त्यातही कुठे लॅपटॉप तर कुठे वॉशिंग मशीन घेतलेली. वाचून संताप येतो.

परवानगीच नसेल तर काय होतं ते ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्यात दिसलं. बेकायदा इमारत, वरचे मजले चढतायत आणि खालच्या मजल्यांवर मजूर बायकामुलांसकट राहतायत. ती कोसळली, ७४ माणसं गेली. परवानगी नाही म्हणजे सेस नाही, नोटीस नाही, म्हणजे तिथला मजूर सरकारच्या कुठल्याच कागदावर नव्हता. म्हणून अनधिकृत बांधकाम हा विषय फक्त मार्जिन (प्लॉटभोवती सोडायची जागा) आणि दंडाचा आहे असं मला तरी कधी वाटत नाही. मोठी सरकारी कामंही काही सुटलेली नाहीत, १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळुणात हायवेच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर लाँचरसकट कोसळले, सुदैवाने कोणी मेलं नाही.

२०२० च्या डिसेंबरात यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, आली आणि लहान प्लॉटची परवानगी सोपी झाली. लोकांची फेरी वाचली हे चांगलंच, पण साईटवर सरकारी माणूस यायचं जे काही निमित्त होतं तेही कमी झालं. मग २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड (जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या संहिता) लागू झाले, १९९६ चा कायदा त्यात गेला, १० कामगारांची अट तशीच आहे आणि स्वतःच्या राहत्या घराची मर्यादा १० लाखांवरून ५० लाखांवर गेली. म्हणजे कोकणातली आणखी कितीतरी घरं बाहेर पडली.

राहिली त्या कल्याणकारी मंडळाकडची नोंदणी. ती कामगाराच्या नावाने होते, वय १८ ते ६०, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला पाहिजे, तो ठेकेदार देऊ शकतो किंवा ग्रामसेवक. विजापूर-गुलबर्ग्याकडून आलेला बिगारी तालुका बदलत फिरतो, त्याला तो दाखला कोण देणार? मालकाने आणि ठेकेदाराने त्याचे दिवस वहीत लिहून ठेवले आणि सही केली तरच त्याची नोंदणी होते.