लक्ष्मीपूजनाचा रुपया आणि ग्रेडचा घोळ

व्हीएफ (थोडं झिजलेलं), एक्सएफ (अगदी किंचित झिजलेलं), यूएनसी (न वापरलेलं) ही नाण्याच्या स्थितीची, म्हणजे ग्रेडची, अक्षरं नाणी जमवणाऱ्यांना पाठच असतात. पण ही अक्षरं आणि त्यांच्या पुढचे आकडे आपल्याकडं आले कुठनं हे बघायला पायजे, कारण कोल्हापुरात घरोघरी देवघरातनं, आजीच्या ट्रंकेतनं जे चांदीचे रुपये निघतात त्यांची किंमत तिथंच अडते.

पूर्वी नाण्याची पारख सराफ आणि पोतदार करायचे, आणि ती रूपाची नव्हती, वजनाची आणि कसाची होती. नाणं वाजवून बघायचं, संशय आला तर बारीक शिक्का मारून आतली चांदी तपासायची. झिजलेल्या किंवा जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा, म्हणजे किमतीतली घट, कापायचे. 18 व्या शतकात बंगालमध्ये तर तिथला चालू सिक्का रुपया पाडून एक वर्ष झालं की झीज असो नसो, बट्टा लागायचाच. नावाला बट्टा लागणं म्हणतो ते याच बाजारातलं. 1835 ला ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या मुलखात 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, एकच रुपया आणला आणि बट्ट्याचा धंदा हळूहळू बसला.

आकडे मात्र फार अलीकडचे. 1949 च्या एका अमेरिकन पुस्तकात जुन्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी मांडली. 70 का, तर तेव्हा सगळ्यात उत्तम नाण्याला पार झिजलेल्याच्या साधारण 70 पट भाव यायचा, एवढंच. म्हणजे मुळात ती भावाची पट्टी, ती पुढं सगळ्या नाण्यांना लागली. 1986 पासून अमेरिकेतल्या ग्रेड देणाऱ्या कंपन्यांकडनं नाणं प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, आकडा छापून यायला लागलं. त्यात ब्रिटिश ईएफ आणि अमेरिकन एक्सएफ (दोन्ही 'एक्स्ट्रीमली फाइन') आपल्याकडं एकच समजून वापरतात, पण ब्रिटिश पद्धत जास्त कडक आहे, तिकडं व्हीएफ म्हणतील ते इकडं बिनधास्त एक्सएफ म्हणून खपतं.

आता खरा घोळ, धुतलेल्या नाण्याचा. आपल्याकडं लक्ष्मीपूजनाला राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेले, रुपये काढायचे, चिंच नाहीतर राख लावून लख्ख घासायचे, दुधानं धुवायचे, हळदकुंकू वाहायचं आणि परत डब्यात ठेवायचे, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. ग्रेडिंगवाल्यांच्या हिशोबात हे नुकसान. नवीन पाडलेल्या नाण्यावर धातू ठशात दाबला जाताना अतिशय बारीक रेषा उमटतात, नाणं दिव्याखाली फिरवलं की चमक पंख्याच्या पात्यासारखी फिरते ती त्यांच्यामुळं. चिंचेचं आम्ल आणि राखेचा घासा त्या रेषाच खातो. मग राणीचा गाल, कानावरचे केस, जॅकेटवरची नक्षी सगळं शाबूत असलं तरी नाण्याला आकडा मिळत नाही. सुरुवातीला असं नाणं सरळ परत पाठवायचे, नंतर डबी मिळायला लागली पण आकड्याच्या जागी 'डिटेल्स', शेजारी 'क्लीन्ड', म्हणजे धुतलेलं, असा शेरा.

आमच्या घरातला 1862 सालाचा रुपया (हेच साल घालून 1874 पर्यंत रुपये पाडत होते, त्यामुळं तो नक्की कधीचा हे ठिपक्यांवरनं ओळखावं लागतं) एका व्यापाऱ्याला दाखवला तर त्यानं भिंगसुद्धा काढलं नाही, धुतलेला आहे, चांदीच्या भावानं देतो म्हणाला. घासल्यानं चमक जाते हे मला मान्य आहे, आणि आता माझ्याकडचं एकही नाणं मी घासत नाही. पण ज्या रुपयाची चार पिढ्यांनी पूजा केली तो आणि कालपरवा ॲसिडमध्ये बुडवून नवा करून विकायला आणलेला, दोघांना एकच शेरा हे मला पटत नाही. सराफाच्या शिक्क्याचंही तेच, तो चांदी खरी असल्याचा पुरावा होता, आता तो डाग मोजतात. दागिन्यात ओवायला कडी डाकलेल्या नाण्याची गोष्ट वेगळी, तिथं धातूच गेलेला असतो, भाव पडणारच.

शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याला, तर ही पट्टी लावायलाच नको. हातानं पाडलेलं नाणं, ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळं 'श्री राजा शिव' मधलं एखादं अक्षर टाकसाळीतच तुकड्याबाहेर राहिलेलं असतं, मागचं 'छत्रपति' पण क्वचितच पुरतं येतं. अक्षर झिजून गेलं की मुळात उमटलंच नव्हतं, हे ओळखायला हातात खूप शिवराया घोळवाव्या लागतात. आणि खात्री करायला परदेशी पाठवावी म्हटलं तर 1972 चा पुरावस्तू कायदा आहे, 100 वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्यात राणीछाप रुपयेही आले.