भिंतीपलीकडून नुसती धमधम का ऐकू येते?

रात्रीचे साडेदहा. शेजारच्या फ्लॅटमध्ये गाणं चालू आहे. कोणतं, ते कळत नाही. शब्द नाहीत, चाल नाही, फक्त धम धम धम. उशीत डोकं खुपसलं तरी ती येतेच. शेवटी आपण जाऊन बेल वाजवतो, तर शेजारी म्हणतो, "अहो, एवढा मोठा कुठे आहे आवाज?" तो खोटं बोलत नसतो. त्याच्या खोलीत खरोखरच तेवढा मोठा वाटत नाही.

भिंत आवाज अडवते ती मुख्यतः आपल्या वजनाने. ध्वनिलहर आदळली की भिंत किंचित हलते आणि पलीकडची हवा हलवते. गाण्यातल्या उंच स्वरांची कंपनं सेकंदाला हजारांत असतात. इतक्या झपाट्याने हलणं जड भिंतीला जमत नाही. बेसचा, म्हणजे खालच्या जाड स्वरांचा, ठोका मात्र ५०-६० हर्ट्झचा (सेकंदाला ५०-६० कंपनं), संथ. त्याच्याबरोबर भिंत हलते. ढोबळ हिशेब असा, की कंपनसंख्या निम्मी झाली की भिंतीचा अडसर सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणजे १६०० हर्ट्झच्या स्वरापेक्षा ५० हर्ट्झचा ठोका जवळपास ३० डेसिबल जास्त शिल्लक राहून आपल्याकडे पोचतो. भिंतीचं वजन निम्मं झालं तरी तेच ६ डेसिबल जातात. हल्लीचे हलके एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटचे ठोकळे) भाजक्या विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे असतात, हे घर घेताना कुणी सांगत नाही.

म्हणूनच भिंतीला फोम चिकटवण्यावर पैसे घालवू नका. फोम खोलीतला घुमारा कमी करतो; पलीकडून येणारा बेस त्याला दाद देत नाही.

आणखी एक गोष्ट. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ७ मीटर. साडेतीन मीटरच्या खोलीत ती बरोबर अर्धी मावते आणि दोन भिंतींमध्ये स्थिर उभी राहते. मग भिंतीलगत दणका सर्वांत जास्त, मधोमध सर्वांत कमी. आपला पलंग कुठे असतो? भिंतीला टेकून! उशी खोलीच्या मधल्या बाजूला आणून पाहा, फरक जाणवू शकतो.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. पण हे मोजमाप 'ए' पट्टीवर होतं, आणि ती पट्टी ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरते. झोप मोडलेला माणूस तक्रार करतो आणि मीटर म्हणतो सगळं ठीक आहे. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

तेव्हा शेजाऱ्याला "आवाज कमी करा" एवढंच सांगू नका. "बेस कमी करा, स्पीकर आपल्या सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यातून हलवा, सबवूफरखाली, म्हणजे बेसच्या स्पीकरखाली, जाड रबर घाला" असं सांगा. गाणं त्याला जवळपास तसंच ऐकू येईल. आणि तरीही पटलं नाही, तर गाणं चालू ठेवून त्याला आपल्या खोलीत बोलवा आणि दोन मिनिटं उशीपाशी बसवा.