सालईचा डिंक, अडुळशाचा रस आणि दम्याचा पंप

पहिला पाऊस पडला की आमच्या घरात दोन वास एकदम यायचे, एक ओल्या मातीचा आणि दुसरा अडुळशाचा. मावशीला दमा. आजी परसातली अडुळशाची पानं आणायची, तव्यावर मऊ पाडायची आणि फडक्यात घालून पिळायची, कारण कच्चं पान कितीही कुटलं तरी रस सुटत नाही हे तिला पक्कं माहिती होतं. काळपट हिरवा चमचाभर रस, वर मध. तरी कडूजहर. त्याने मावशीचा कफ मोकळा व्हायचा हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण रात्री तीनला छातीतून शिट्टी वाजायला लागली की तो रस कामाचा नसायचा, ती गुडघ्यांवर उशी घेऊन उजाडेपर्यंत बसून राहायची.

असं का, ते बघू. दमा म्हणजे नुसता कफ नाही. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला कायम सूज असते, दम लागत नसतो त्या दिवशीसुद्धा. धूळ, धूर, गार हवा, ओल्या भिंतीवरची बुरशी असं काही लागलं की सुजलेली नळी चिडते, भोवतीचे स्नायू आवळतात, वर चिकट कफ साचतो. अडुळसा काम करतो तो मुख्यतः या कफावर. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्याच्याच रचनेवरून 1960 च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं, जे आजही खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये असतं. म्हणजे आजीचं चुकत नव्हतं, फक्त कफ पातळ झाला म्हणून सूज उतरत नाही.

सुजेच्या बाबतीत मला सगळ्यात भारी वाटतं ते सालईचं झाड. मेळघाटात, सातपुड्याच्या कोरड्या डोंगरउतारांवर हे दिसतं, साल कागदासारखी सुटते आणि खाच पाडली की पिवळसर चिकट डिंक येतो, जाळला तर धुपासारखा वास. आयुर्वेदात हीच शल्लकी. आता गंमत बघा, सूज आली की आपल्या पेशी ल्युकोट्राईन नावाची रसायनं बनवतात (हे नाव 1979 मध्ये स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएल्सन यांनी दिलं) आणि ती श्वासनलिका आवळण्यात ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या हिस्टामिनपेक्षा कितीतरी पट जोरदार असतात. डॉक्टर मॉन्टेलुकास्टची गोळी देतात ती या रसायनाला पेशीवर चिकटू देत नाही. सालईच्या डिंकातली बॉस्वेलिक आम्लं त्याच्याही एक पायरी आधी, ल्युकोट्राईन बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात, निदान प्रयोगशाळेत तरी हे स्पष्ट दिसलंय.

माणसांवर? 1998 मध्ये भारतीय रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला, 40 जणांना 300 मिलिग्राम डिंक दिवसातून तीनदा, सहा आठवडे. 70 टक्के लोकांना फरक पडला, औषध न दिलेल्या गटात 27 टक्के. आकडे छान आहेत, पण 40 माणसं आणि सहा आठवडे एवढ्यावर आयुष्यभराच्या आजाराचा भरवसा ठेवायचा म्हणजे फार झालं. आणि त्यातलं 27 टक्के हेही नीट बघा, दमा आपोआपही वरखाली होतो, म्हणून "मला अमक्या चूर्णाने गुण आला" हे मनापासून सांगितलेलं असलं तरी पुरावा ठरत नाही.

हळदीची अडचण निराळी. कर्क्युमिन सुजेवर चालतं पण पोटातून रक्तात जेमतेम पोचतं. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्येच दाखवलं की मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर ते रक्तात 20 पट चढतं. पण हेच पायपरिन थिओफिलिन या दम्याच्या जुन्या औषधाचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणून ती गोळी चालू असेल तर पिंपळी-मिरीचे काढे रोज घेण्याआधी डॉक्टरांना सांगाच. जेष्ठमध खूप दिवस घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. गरोदरपणी अडुळसा नको. आणि धोतरा, ज्याच्या विड्या दम्यासाठी ओढायचे आणि 1802 च्या सुमारास मद्रासहून तो उपाय थेट ब्रिटनला पोचला, तो अजिबात नको, विष आहे ते. त्यातल्या अट्रोपिनच्या वाटेने पुढे इप्राट्रोपियमचा सुरक्षित पंप आला, तो आहे ना आपल्याकडे.

पंपाची भीती मात्र मला खरंच छळते. "सवय लागते", "स्टेरॉईड आहे", हे ऐकून लोक रोजचा पंप सोडतात आणि पुडीतलं चूर्ण घेतात. पंपाच्या एका दाबात साधारण 100-200 मायक्रोग्राम औषध असतं आणि ते थेट सुजेवर जातं. दम उसळल्यावर स्टेरॉईडच्या गोळ्या घ्यायची वेळ आली तर 30-40 मिलिग्राम, आणि तेही सगळ्या अंगभर. शिवाय दोन दिवसांत जादू करणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये गुपचूप स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे, मग कमी डोसाला घाबरून आपण नकळत जास्त डोस गिळतो.

एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील तर गॅसवर काढा ठेवत बसू नका, वाफही देऊ नका, आराम देणारा पंप स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावून द्या आणि दवाखान्याकडे निघा.

मावशी आता सत्तरीची आहे. सकाळी उठून स्पेसर लावून पंप, मग तोंडात बुरशी धरू नये म्हणून खळखळून चूळ, आणि पावसाळ्यात डॉक्टरांना विचारून त्यानंतर चमचाभर अडुळसा, तव्यावर मऊ पाडूनच.