अध्यापक-सहशासन आणि विद्यापीठाचे आरोग्यधोरण

विद्यापीठाच्या आवारातील आरोग्याविषयीचे निर्णय कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणाला विचारून घ्यायचे, हा उच्च शिक्षणाच्या कारभारातील जुना आणि अजूनही वादाचा विषय आहे. लसीकरणाची सक्ती, साथीत वर्ग बंद ठेवणे, वसतिगृहातील विलगीकरण, समुपदेशन, तंबाखूबंदी, आजारी विद्यार्थ्याची हजेरी हे सगळे आरोग्यधोरणातच येते. यांतले बहुतेक निर्णय प्रशासन घेते. ते पाळून घेण्याची वेळ मात्र वर्गात, प्रयोगशाळेत आणि परीक्षागृहात येते, आणि तिथे अध्यापक उभा असतो.

सहशासन, म्हणजे विद्यापीठाच्या कारभारात अध्यापकांचा वाटा, ही काही अलीकडची मागणी नव्हे. मध्ययुगातले पॅरिसचे विद्यापीठ मुळात अध्यापकांचाच संघ होता. ऑक्सफर्डची काँग्रिगेशन आणि केंब्रिजचे रीजंट हाउस या अध्यापकांचे प्राबल्य असलेल्या सभा आजही त्या विद्यापीठांत सर्वोच्च मानल्या जातात. आरोग्याचा प्रश्नही तितकाच जुना आहे. १३४८ साली काळ्या मृत्यूची, म्हणजे प्लेगची, साथ पसरली, तेव्हा फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेकडे अहवाल मागितला. अध्यापकांनी साथीचे मूळ १३४५ मधील ग्रहांच्या युतीत आणि दूषित हवेत शोधले. निदान चुकले, पण संकटात राज्यकर्त्याने विद्याशाखेला विचारावे, हा पायंडा महत्त्वाचा होता. पुढे १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद झाले. तेव्हा वूल्सथॉर्प या आपल्या गावी परतलेल्या विद्यार्थ्यांत आयझॅक न्यूटन होता.

आवाराच्या आरोग्याची जबाबदारी संस्थेने रीतसर स्वीकारणे ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. अमेरिकेतील ॲमहर्स्ट महाविद्यालयाने १८६१ मध्ये डॉ. एडवर्ड हिचकॉक (धाकटे) यांच्याकडे आरोग्यशास्त्र व शारीरिक शिक्षणाचा विभाग सोपवला. महाविद्यालयीन आरोग्यसेवेचा आरंभ साधारणपणे इथून धरतात. हिचकॉक स्वतः अध्यापक होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे आरोग्यकेंद्रे वाढली, ती विद्यार्थी-कल्याण खात्याकडे गेली आणि अध्यापकांशी त्यांचा रोजचा संबंध तुटला. आजचे अनेक तंटे या फारकतीतून उद्भवतात.

सहशासनाची सर्वांत स्पष्ट मांडणी अमेरिकेत झाली. १९१५ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन विद्यापीठ-प्राध्यापक संघटना, तेथील शिक्षण परिषद आणि नियामक मंडळांची संघटना यांनी १९६६ मध्ये मिळून एक निवेदन तयार केले. अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, संशोधन, अध्यापकांचे स्थान आणि विद्यार्थिजीवनाचा शिक्षणप्रक्रियेशी निगडित भाग यांची प्राथमिक जबाबदारी त्यात अध्यापकांकडे दिली आहे. अंतिम अधिकार नियामक मंडळाचा; मात्र अध्यापकांचे मत अपवादात्मक परिस्थितीतच डावलावे आणि डावलले तर कारणे सांगावीत, अशी अपेक्षा आहे. निवेदनाला कायद्याचे बळ नाही. तरीही अनेक संस्थांच्या नियमपुस्तिका त्याच धर्तीवर बेतलेल्या आहेत.

आरोग्याचा एखादा निर्णय अध्यापकांच्या खात्यात टाकायचा की प्रशासनाच्या, हीच खरी अडचण. २०२० मध्ये कोविडच्या साथीत वर्ग प्रत्यक्ष भरवायचे की ऑनलाइन, असा प्रश्न आला. प्रशासनाच्या लेखी तो सुरक्षेचा आणि पैशाचा निर्णय होता, अध्यापकांच्या लेखी अध्यापनपद्धतीचा. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. साथीत दर आठवड्याला अधिसभेची बैठक घेऊन ठराव करणे शक्य नसते आणि कुलगुरूंना तातडीचे अधिकार लागतात, हे मान्यच करायला हवे. पण तातडीच्या अधिकाराला मुदत आणि नंतरच्या मंजुरीची अट नसेल, तर तो आरोग्यापुरता राहत नाही. २०२१ मध्ये वरील प्राध्यापक संघटनेने आठ संस्थांच्या कारभाराची चौकशी करून अहवाल काढला. महासाथीचे कारण पुढे करून नियमपुस्तिका गुंडाळणे, अभ्यासक्रम बंद करणे आणि कायम अध्यापकांना कमी करणे, असे प्रकार त्यात नोंदले आहेत.

सक्तीच्या लसीकरणाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या कोविड-लससक्तीला काही विद्यार्थ्यांनी आव्हान दिले. २०२१ मध्ये सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने सक्तीचे लसीकरण वैध ठरवणाऱ्या १९०५ च्या जेकबसन खटल्याचा आधार घेऊन सक्तीला स्थगिती नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. सक्ती हा मात्र एकच मार्ग नव्हे. २०१३ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात ब गटाच्या मेंदूज्वराची साथ आली. त्या गटावरील लशीला अमेरिकेत तेव्हा परवानाच नव्हता. विशेष परवानगी मिळवून डिसेंबरपासून ती विद्यार्थ्यांना ऐच्छिक देण्यात आली.

साथ आणि लस यांचीच चर्चा जास्त होते. पण आवारातले सर्वांत प्रभावी आरोग्यधोरण बहुधा हजेरीच्या नियमात असते. गैरहजेरी माफ व्हायची तर डॉक्टरचे प्रमाणपत्र हवे, असा नियम घ्या. सर्दी-तापाच्या मोसमात त्याचा परिणाम ठरलेला. चाचणीचे गुण बुडतील म्हणून अंगात ताप असलेला विद्यार्थी तसाच वर्गात येऊन बसतो, नाहीतर आरोग्यकेंद्राबाहेर रांगेत उभा राहतो. त्याला औषध नको असते, दोन दिवस झोप हवी असते. डॉक्टरची सकाळ सही-शिक्क्यात जाते आणि ज्याला खरोखर तपासायला हवे तो त्याच रांगेत मागे राहतो. अनेक आरोग्यकेंद्रांनी किरकोळ आजारांसाठी प्रमाणपत्रे देणे बंद केले आहे. पण हजेरीचा नियम त्यांच्या हातात नाही. तो विद्या परिषद, विभाग किंवा तो तास घेणारा अध्यापक ठरवतो. सर्वांत कमी गुणांची एक चाचणी वगळणे, फेरचाचणीची तारीख सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर करणे, अशा अध्यापकांनी केलेल्या साध्या बदलांनी जे साधते ते कुलगुरूंच्या परिपत्रकाने साधत नाही.

मानसिक आरोग्याबाबत अध्यापकाची मर्यादा ओळखणे आवश्यक आहे. खचलेला विद्यार्थी अनेकदा प्रथम त्यालाच दिसतो: गृहपाठ थांबतो, मागच्या बाकावरची जागा रिकामी राहू लागते. अध्यापकाने विचारपूस करावी, समुपदेशकापर्यंत वाट दाखवावी. उपचार करू नयेत आणि निदान मागू नये. म्हणून चांगल्या व्यवस्थेत अध्यापकाला सवलत काय द्यायची एवढेच कळते, आजार कोणता ते कळत नाही. अमेरिकेतील १९७४ चा विद्यार्थी-गोपनीयता कायदा विद्यार्थ्याच्या नोंदी त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई करतो. जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तेव्हाचा अपवाद मात्र त्यात आहे.

सहशासनावरचा एक आक्षेप गंभीर आहे. अधिसभेत बहुधा कायम अध्यापकांचाच आवाज असतो. तासिका तत्त्वावरचे शिक्षक, संशोधक विद्यार्थी, वसतिगृहाचे कर्मचारी आणि सफाई कामगार यांना संसर्गाचा धोका अधिक असतो, पण ठरावावर त्यांचे मत नोंदले जात नाही. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने १९६८ च्या विद्यार्थी-आंदोलनानंतर, १९६९ मध्ये, अध्यापकांसह विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी असलेली अधिसभा स्थापन केली. आरोग्यविषयक समित्यांसाठी ही रचना अधिक न्याय्य ठरते, कारण खोली पुसणाऱ्याला आणि त्या खोलीत शिकवणाऱ्याला तिथे एकाच टेबलाशी बसता येते.