माहीमचा समुद्र गोड झाला होता, तेव्हा

18 ऑगस्ट 2006, शुक्रवार. त्या रात्री मुंबईत बातमी फुटली की माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झालंय. लोक बाटल्या, कॅन, कळश्या घेऊन धावले. कुणी ओंजळीने पाणी प्यायलं, तर कुणी आजारी माणसासाठी तीर्थ म्हणून घरी नेलं. बऱ्याच भाविकांनी हा माहीमच्या दर्ग्यातले सूफी संत मखदूम अली माहिमी यांचा चमत्कार मानला. लगेच गुजरातेत वलसाडजवळच्या तिथल गावाच्या किनाऱ्यावरही तीच गर्दी उसळली.

अशा अफवेची चौकशी करताना बहुतेक जण पहिल्याच पायरीवर चुकतात. ‘लोक खोटं बोलतात’ असं म्हणून ते मोकळे होतात. माहीमला लोक खोटं बोलत नव्हते. पाणी खरोखरच नेहमीसारखं खारट लागत नव्हतं. त्यांच्या जिभेवर विश्वास ठेवूनच शोध सुरू करायला हवा.

माहीमच्या खाडीत मिठी नदी समुद्राला मिळते. विहार आणि पवई तलाव भरून वाहू लागले की त्यांचं पाणी हिच्यात येतं. अठरा किलोमीटरच्या आसपास वाहत येताना ती मुंबईच्या मोठ्या भागाचं पावसाचं पाणी गोळा करते. ऑगस्टमध्ये, जोरदार पावसानंतर, ती खाडीत किती गोडं पाणी ओतत असेल याची कल्पना करा. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते जड असतं. एक घनमीटर गोडं पाणी सुमारे 1000 किलो भरतं, समुद्राचं सुमारे 1025 किलो. फरक अडीच टक्क्यांचाच, पण तेवढ्यावर नदीचं पाणी बुडत नाही, खाऱ्या पाण्यावर साय धरावी तसं पसरतं. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि हा थर किनाऱ्याजवळ आणखी स्पष्ट जाणवतो. कडेला उभा राहून ओंजळ भरणारा माणूस वरचा थरच उचलतो. पावसाळ्यात खाडीचं पाणी मचूळ होतं, ही गोष्ट खाडीवर जगणाऱ्यांना नवी नाही. मुंबई आयआयटीच्या भूवैज्ञानिकांनी खडकात साठलेलं पावसाचं पाणी भेगांतून बाहेर पडलं असावं, असंही स्पष्टीकरण दिलं होतं. तेही अखेर घनतेच्या याच हिशेबावर येतं.

हे घरी पडताळता येतं. उंच ग्लासात मिठाचं घट्ट पाणी घ्या, त्यात थोडी हळद घाला. मग पाण्याच्या पातळीला चमचा टेकवून त्याच्या पाठीवरून साधं पाणी अगदी सावकाश सोडा. दोन थर वेगळे दिसतील. वरचा घोट चाखा, मग स्ट्रॉ तळाशी नेऊन एक घोट घ्या.

मला खरी काळजी वाटली ती गोडव्याची नाही, पिण्याची. मिठी म्हणजे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण वाहणारी नदी. पाणी जितकं कमी खारट, तितका त्यात नदीचा वाटा जास्त, म्हणजे ते जितकं गोड तितकं धोक्याचं. कावीळ, टायफॉइड, कॉलऱ्याच्या जंतूंना चव नसते. महापालिका पाणी पिऊ नका म्हणून सांगत होती, आणि किनाऱ्यावर आया लेकरांच्या तोंडाला तेच पाणी लावत होत्या. हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

त्याच आठवड्यात, 20 आणि 21 ऑगस्टला, देशाच्या अनेक भागांत मूर्ती दूध प्यायल्याची बातमी पुन्हा उठली. गणेशोत्सव आठवड्यावर आला होता. पहिल्यांदा हे घडलं 21 सप्टेंबर 1995 ला. तेव्हा बातमी तारेच्या टेलिफोनवरून, या घरातून त्या घरात गेली. 2006 मध्ये एसएमएस आणि वृत्तवाहिन्या होत्या.

इथेही दूध चमच्यातून खरंच कमी होत होतं. काठोकाठ भरलेल्या चमच्यात दुधाचा पृष्ठभाग किंचित फुगीर असतो, पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो म्हणून, तो टिकून राहतो. चमचा मूर्तीच्या सोंडेला टेकला की दूध दगडाला चिकटतं आणि त्याची पातळ पट्टी खाली ओघळू लागते. पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. मूर्ती अभिषेकाने आधीच ओली असते, आणि पांढऱ्या संगमरवरावर पांढऱ्या दुधाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही. 1995 मध्ये शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ओघळ उघड दिसला. न भाजलेल्या मातीची मूर्ती असेल तर काही दूध तिच्या बारीक छिद्रांत शोषलंही जातं. रंगाच्या त्या चिमटीइतकी सुंदर चाचणी मी क्वचितच पाहिली आहे. तिने भाविकाचं डोळ्यांनी पाहणं नाकारलं नाही, फक्त त्याला आणखी थोडं दिसू दिलं.

माहीमच्या त्या रात्री मी किनाऱ्यावर असतो तर तीन बाटल्या भरल्या असत्या. एक पृष्ठभागावरून. दुसरी कमरेइतक्या पाण्यात, बूच तळाशी नेऊन उघडून. आणि तिसरी पुढच्या भरतीला, पहिल्याच जागेवरून. प्रत्येकीवर वेळ आणि खोली लिहिली असती, आणि तिन्ही न चाखता क्षार आणि जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत दिल्या असत्या.